वॉर फिनिश

कान्हूभावजी अकरा वर्षांनी या घराची पायरी चढले ते पावसात भिजत. चढल्या चढल्या "सांभाळून गो!" म्हणाले. ते भावजयीला नव्हतं, मागून छत्री मिटत येणाऱ्या मुलीला, मालूलाही नव्हतं. ते हातातल्या पिशवीला होतं.

पिशवीत वर पेणच्या पोह्याच्या पापडांचं पुडकं होतं, आणि पापडांखाली धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर.

चंद्रावतीने पुडकं घेतलं. "बरं हाय ना भावजी?"

"बरं कसलं वयनी! गणपतीचा सीझन. कारखान्यात चारशे मूर्ती बिनरंगाच्या उभ्या हायत. पण आबांच्या नावाचा प्रश्न आला म्हणून सगळं सोडून आलो."

आबांच्या नावाचा प्रश्न म्हणजे चौकाचा प्रश्न. सत्त्याण्णव साल, स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होत होती. अष्टमी गावाच्या अंगाला पूल उतरतो त्या नाक्याला स्थानिक स्वातंत्र्यसैनिकाचं नाव द्यायचं असं सुवर्णमहोत्सव समितीने ठरवलं होतं. आबांचं, म्हणजे हैबतराव धसाड्यांचं नाव सुचवणारे अर्ज दोन आले. एक नातू रघूचा, म्हणजे चंद्रावतीच्या मुलाचा, रोह्याहून. दुसरा धाकटा मुलगा कान्हूचा, पेणहून. दोन्ही अर्जांत हकीकत एकच होती. बेचाळीस साली हैबतरावांनी कुंडलिकेच्या काठी गोऱ्या साहेबाच्या कमरेचं रिव्हॉल्व्हर हिसकावून घेतलं. दोन्ही अर्जांना त्या रिव्हॉल्व्हरचा फोटो जोडला होता. फक्त फोटोतली रिव्हॉल्व्हरं वेगवेगळी होती. एक काळं, एक चांदीसारखं चकचकीत.

ही हकीकत चंद्रावतीच्या डोळ्यांदेखत वाढलेली. सासऱ्यांनी ती पहिल्यांदा सांगितली तेव्हा साहेब एकटा होता आणि झाडाखाली झोपलेला होता. साठ सालाच्या सुमारास तो जागा झाला. पुढे त्याच्याबरोबर दोन शिपाई आले, मग घोडा आला. एकाहत्तर साली सासरे वारले तेव्हा साहेबाच्या मागे निम्मी पलटण उभी होती. सासऱ्यांमागे काळं रिव्हॉल्व्हर तिच्या नवऱ्याच्या, काळुरामच्या नावावर झालं. शहाऐंशीत काळुराम गेला. त्याच्या तेराव्याला कान्हूभावजींनी भरल्या पंगतीत जाहीर केलं, की आबांनी खरं हत्यार आपल्याला गुपचूप दिलंय, इथलं नकली आहे. रघूने पाण्याचा तांब्या फेकला. त्या दिवसापासून पेण आणि रोहा यांच्यात रेल्वे चालू होती, एसटी चालू होती, बोलणं बंद होतं.

काळुरामनंतर लायसन चंद्रावतीच्या नावावर आलं, कारण रघूवर तेव्हा मारामारीची एक केस चालू होती. निवडणूक आली की तालुक्यातली मोठी माणसं आपापली हत्यारं जमा करायला ठाण्यात रांग लावत. त्या रांगेत भाजीच्या पिशवीत रिव्हॉल्व्हर घेऊन उभी राहणारी बाई एकच. हवालदार तिला आधी सोडत. तिच्या हत्याराने आजवर कुणाला इजा केली नव्हती. एकदा पिशवीतली वांगी तेवढी चेपली होती.

समितीचे अध्यक्ष जनूमास्तर. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण एका गणिताची दोन उत्तरं आलेली त्यांना अजून चालत नसत. दोन्ही हत्यारं एका जागी आणा आणि जाणकाराला दाखवा, असं त्यांनी कळवलं. जाणकार रघूनेच शोधला होता. नझीरचाचा. मुंबईत बंदुकांच्या दुकानात दुरुस्तीच्या मेजावर चाळीस वर्षं काढलेला माणूस. त्याआधी त्याच मेजावर त्याचा बाप हसन बसायचा. आता नझीर अष्टमीत नातवंडं सांभाळत होता, पण बोटांची टोकं अजून काळीनिळी होती.

रविवारी दुपारी सगळे ओटीवर जमले. चंद्रावतीने कपाटातून आपलं हत्यार आणलं. नझीरने दोन्ही उघडून रिकामी असल्याची खात्री केली, पांढऱ्या टॉवेलवर शेजारी शेजारी ठेवली आणि चष्मा पुसायला घेतला.

रघूला तेवढाही धीर नव्हता. कंपनीत मजूर पुरवायचं कंत्राट त्याच्याकडे होतं, आणि येत्या निवडणुकीत तिकीट मिळेल असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. आजोबांच्या नावाचा चौक म्हणजे अर्धा प्रचार. "चाचा, बघायचं काय त्यात? मास्तर, हे वाचा. इथं अक्षरं कोरलीत. वॉर फिनिश. वॉर म्हणजे युद्ध. बेचाळीसला युद्धच चालू होतं. आणि फिनिश म्हणजे..."

"संपलं," त्याची बायको सरू चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, ती म्हणाली. ती दहावीला इंग्रजीत पास झाली होती.

"युद्ध संपवायला खास बनवलेलं," रघूने दुरुस्ती केली. "असलं हत्यार साध्यासुध्या साहेबाकडे असेल? कर्नल तरी असणार."

"काळंकुट्ट हत्यार कर्नल वापरल?" कान्हूभावजी हसले. "हे बघ. चमक बघ. ह्याला म्हणतात साहेबी हत्यार. पंचावन्न वर्षं झाली, अजून तोंड बघून भांग पाडावा."

नझीरने चकचकीत हत्यार आधी उचललं. खिडकीच्या उजेडात फिरवलं. नखाने घोड्यावर टिचकी मारली, चापावरून बोट फिरवलं, एकेक स्क्रू बघितला. "निकल हाय," तो म्हणाला.

"आबांनी मिळवलं तेव्हाच होतं," भावजी म्हणाले.

"नाय होतं." नझीर आवाज चढवणारा माणूस नव्हता. "विलायतच्या कारखान्यातून निकल चढून आलेला माल मी ढीग बघितलाय. ते लोक अंगाला निकल चढवायचे, घोडा नि चाप तसेच ठेवायचे, स्प्रिंगला तर हातच लावायचे नाय. ह्याचं सगळंच चांदीत बुचकळलंय. स्क्रूच्या खाचेत पण निकल भरलंय. हे आपल्या इकडचं काम. शिवाय ही अक्षरं बघा."

मालू पुढे वाकली. बापाच्या कारखान्यात गणपतीचे डोळे लिहायचं काम तिचं. पंधरा वर्षं ती तेच करत होती. "कडा गेल्यात, बाबा. घासलंय जास्त. मूर्तीला पॉलिशपेपर जास्त बसला की पापणीची कड जाते ना, तसं झालंय."

"तुला कोण इचारतंय?" भावजी म्हणाले.

नझीरने मुठीचा स्क्रू काढला आणि दोन्ही बाजूंचे लाकडी तुकडे अलगद सोडवले. लाकडाखाली निकल नीट पोचलं नव्हतं. तिथे दोन बोटांएवढा पट्टा होता, आणि तो निळा होता. चंद्रावतीने उभ्या आयुष्यात लोखंडाचा असा रंग बघितला नव्हता. काळा म्हणावा तर काळा नव्हे. तिरका धरला की खंड्या पक्ष्याच्या पाठीसारखा आतून उजळत होता.

"या अल्ला," नझीर हळूच म्हणाला. थोडा वेळ तो ओटीवर नव्हताच. "हे जुनं काम. आधी घासणारा कारागीर दिवसच्या दिवस घासायचा, आरसा होईपर्यंत. मग कोळशाच्या भट्टीत. माझा बाप म्हणायचा, हा रंग वरून लावत नाय, लोखंडातून बाहेर काढतात. दुसऱ्या लढाईनंतर कुणी एवढा वेळ दिला नाय. तीस साल धरा, पाच वर्षं इकडं तिकडं. आणि कुणा गाढवानं त्याच्यावर निकल चढवलंय."

गाढवाने शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. "तीस साल!" भावजी उभे राहिले. "म्हंजे बेचाळीसला ते साहेबाच्या कमरेला होतं! मास्तर, लिहून घ्या. वयनी, तुमचा राग नाय, पण खरं ते खरं."

रघूचं तोंड उतरलं. मग त्याने मालूकडे बघितलं. अकरा वर्षांत त्याने तिला राखीची ओवाळणीही पाठवली नव्हती. "मालूताय," तो म्हणाला, आवाजात एकदम माया आली, "तू खोटं बोलणार नायस. हे हत्यार घरात कधी आलं?"

मालूने बापाकडे बघितलं. बाप तिला डोळ्याने काहीतरी सांगत होता. पण आत्ताच चारचौघांत 'तुला कोण इचारतंय' म्हणाला होता, आणि आता इचारणारा भेटला होता.

"मी तिसरीत होते," ती म्हणाली. "पनवेलच्या ठेकेदाराकडनं घेतलं. लायसनवर तारीख हाय त्र्याहत्तरची. निकल आपल्या पेणलाच चढवलं. बँडवाल्याची पिपाणी चढवायला आलेली, तिच्याच बरोबर. मला आठवतं, कारण पिपाणी जास्त चकाकली म्हणून बाबा भांडले होते."

कान्हूभावजी खाली बसले. सरूने त्यांच्यापुढे चहा ठेवला तो त्यांनी बशीत न ओतता तसाच प्यायला, आणि तोंड भाजलं.

"झालं," रघू टाळी वाजवून म्हणाला. "म्हणजे उरलं आमचं. चाचा, आता आमचं सांगा, आणि मास्तरांना मोकळं करा."

चंद्रावतीला वाटलं, आता उठावं आणि स्वैपाकघरात जावं. पण नझीरने काळं रिव्हॉल्व्हर उचललं होतं आणि तो ते खिडकीशी नेत होता.

"वयनी, राग मानू नका."

"नाय मानत. बोला."

"ह्याच्या अंगावर ह्या रेघा दिसतात? यंत्राच्या पात्याच्या रेघा हायत. घासून काढायला कुणी हातच लावलेला नाय. वर काळा रंग दिलाय नि पाठवलंय. लढाईच्या वर्षांत कारखान्याला घासायला फुरसत नव्हती. सैन्याला माल पाहिजे होता, दिसायला कसाही चालंल. पण सैन्याकडे गेलेल्या मालावर सरकारी बाणाचा शिक्का असतो. ह्याच्यावर नाय. म्हणजे हे सैन्यात गेलंच नाय. लढाई संपली, उरलेला खरबरीत माल कारखान्यानं बाजारात काढला. नाव मोठं, माल असा. गिऱ्हाइकानं नाव ठेवू नये म्हणून त्यांनीच वर लिहून टाकलं, लढाईतलं काम हाय, समजून घ्या. फिनिश म्हणजे हितं संपणं नाय, वरची घासाई. वॉर फिनिशचा अर्थ तेवढाच, रघू. ती माफी हाय."

"माफी?" रघू म्हणाला.

"कारखान्याची. गिऱ्हाइकाला."

"म्हणजे कधीचं?"

"बाजारात आलं ते पंचेचाळीसच्या पुढंच. बेचाळीसला हे जन्मलंच नव्हतं म्हण."

बाहेर रिक्षा गेली, तिचा आवाज पुलापर्यंत ऐकू आला. आबांचं हत्यार होतं त्याचा काळ चुकला होता, आणि ज्याचा काळ बरोबर होता ते आबांचं नव्हतं. जनूमास्तरांनी वही मिटली. चंद्रावतीला वाटलं, संपलं. आता पापड तळावेत.

पण तिने आपल्या माणसांना ओळखलं नव्हतं.

"मास्तर," कान्हूभावजी म्हणाले. घसा खाकरला. "एक गोष्ट आजवर घराबाहेर गेली नाय. खरं हत्यार आबांनी नदीत टाकलं."

रघूने काकाकडे बघितलं. चंद्रावतीला तिच्या मुलाच्या डोक्यात चाकं फिरताना ऐकू आली.

"व्हय," रघू म्हणाला. "नदीतच. झडती येणार होती ना, काका?"

"झडती येणार होती. रातोरात टाकलं."

"होडीतून."

"होडीतून, मधोमध," भावजी म्हणाले.

"म्हणून तर पुढं आजोबांनी तसलंच दुसरं घेतलं, आठवण म्हणून."

"मी पण आठवण म्हणूनच घेतलं," भावजींनी स्वतःलाही आत घेतलं.

"आणि नदीतलं हत्यार म्हणजे, मास्तर, आता पुराव्याचा प्रश्नच मिटला. चौकात आजोबांचा अर्धपुतळा बसवू. पुतळा काकांच्या कारखान्यातून."

"फुकट," भावजी म्हणाले, आणि मग जरा विचार करून, "म्हंजे मजुरी फुकट."

अकरा वर्षं एकमेकांच्या लग्नकार्यांना न गेलेली ती दोन माणसं एका बाकावर सरकून गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. रघूने समितीच्याच वहीतून कोरा कागद फाडून घेतला आणि लिहायला लागला. मोठ्याने वाचत होता. "मी, चंद्रावती काळुराम धसाडे, लिहून देते की माझे सासरे कै. हैबतराव यांनी माझ्यासमक्ष वेळोवेळी सांगितले की..." त्याने कागद आणि पेन तिच्यापुढे धरलं. "आई, सही कर. घरात तुझ्याइतकं जुनं आता कुणी नाय."

चंद्रावतीने पेन घेतलं. सही तिला येत होती. लायसनच्या कागदांवर दर खेपेला करायची. त्या कागदांवर तिने आजवर खोटं काही लिहिलं नव्हतं. वजन, नंबर, नळीची लांबी, सगळं खरं. तिला एकदम दिसलं, की पाच वर्षांत या नदीत होडी मोठी होईल, दहा वर्षांत वादळ येईल, आणि नातवाला शाळेत ते पाठ करावं लागेल.

"वयनी," जनूमास्तर पहिल्यांदाच बोलले, "तुमच्या मनात नसंल तर नका करू. तुम्ही सांगाल तेच मी लिहीन."

ते तिच्याकडे बघत नव्हते. टॉवेलवरच्या काळ्या रिव्हॉल्व्हरकडे बघत होते. मास्तर केरूचा मुलगा. केरू धसाड्यांचं कूळ. ते हत्यार त्यांनी आज पहिल्यांदा बघितलं असेल, पण त्याच्याविषयी ऐकलं काय काय असेल, हे चंद्रावतीला ठाऊक होतं. तिने पेन खाली ठेवलं.

"सत्तावन्न साली घेतलं ते," ती म्हणाली. "माझ्या लग्नाला वर्ष झालेलं. कूळकायदा आला नि मामंजींची झोप गेली. मुंबईला गेले ते खोका घेऊन आले. दुसऱ्या दिवशी शेतावर निघाले. मागनं मी भाकऱ्या घेऊन गेलेले."

"आई," रघू म्हणाला.

"मधी बोलू नको. खालच्या खाचरात केरूकाका औत धरून होते. मामंजी बांधावर उभे राह्यले नि खिशातनं हे काढलं. म्हणाले, औत सोड, जमीन माझी हाय. केरूकाकांनी बघितलं. बैल थांबवले नायत. नांगराचा तास टोकापर्यंत पुरा केला, वळले, नि परत मामंजींच्या अंगावरच आले, औतासकट. मामंजींचा हात असा हलत होता." तिने हात हलवून दाखवला. बांगड्या वाजल्या. "मग त्यांनी हत्यार खिशात घालायला घेतलं, ते कोटाच्या अस्तरात अडकलं. अडकलेलंच घेऊन घराकडे वळले. मला म्हणाले, चल, भाकरी घरी खाऊ. साहेब नाय, घोडा नाय, नदी नाय. दोन वर्षांनी ही गोष्ट सुरू केली. लोक हसत होते, काहीतरी सांगायला पायजेच होतं."

नझीरने मूठ परत बसवायला घेतली. तेवढाच स्क्रूचा बारीक आवाज.

जनूमास्तरांनी चष्मा काढला. "बा कधी बोलला नाय," ते म्हणाले. "पण त्या दिवशीचं मला आठवतं. मी वीस वर्षांचा होतो. घरी आला नि कांबळं घेऊन निजला. दोन दिवस ताप. आईला वाटलं, बाहेरचं काय झालं. तिसऱ्या दिवशी औत घेऊन पुन्हा गेला." ते उठले. "फार घाबरलेला, वयनी. एवढंच सांगतो. उगाच तुम्ही त्याचा पुतळा नका करू."

चौकाचा निर्णय आठवड्यात लागला. कुणाचंच नाव नको, असं ठरून समितीने त्याला 'भारतीय स्वातंत्र्य सुवर्णमहोत्सव चौक' असं नाव दिलं. ते पाटीवर मावेना, म्हणून 'चौक' खालच्या ओळीत गेला. लोक नाक्याला नाका म्हणत होते, तेच म्हणत राहिले.

घरात मात्र मोठा फरक पडला. पेण आणि रोह्याचा अबोला मिटला. चंद्रावतीवरच्या रागात काका-पुतणे असे एक झाले, की रघू दिवसाआड पेणला फोन लावू लागला. त्या फोनवर "आपल्या घराण्याचं वाटोळं" हे शब्द इतक्या वेळा येत, की स्वैपाकघरात सरू ते मोजायची. मालूने तेवढं एका पोस्टकार्डावर लिहून पाठवलं, 'काकी, गौरीला मी तुमच्याकडेच येते.'

नवव्या दिवशी चंद्रावती पूल ओलांडून ठाण्यात गेली आणि हत्यार सरकारजमा करून, लायसन परत देऊन आली. कुणाला सांगितलं नाही, कुणाला विचारलंही नाही. येताना पिशवीत कोलाडच्या बाईकडची भेंडी होती, आणि पिशवी हलकी लागत होती.

दुपारी रघू जेवायला बसला. नऊ दिवस तो आईशी बोलला नव्हता. भात कालवताना अचानक म्हणाला, "एक सांग. केरू अंगावर आला, तरी आजोबांनी गोळी का नाय झाडली?"

"गोळ्या नव्हत्या," चंद्रावती म्हणाली.

"म्हंजे?"

"दुकानात संपलेल्या. विलायतेहून माल यायचा होता. दिवाळीला आल्या. मामंजींना ठाऊक होतं, केरूकाकांना नव्हतं."

रघूचा घास हातातच राहिला. चंद्रावतीला वाटलं, आता तरी याला लाज वाटेल. पण त्याच्या तोंडावर हळूहळू उजेड पसरत गेला, कंत्राट मंजूर झालं की पसरायचा तसा.

"आई! म्हंजे आजोबांनी जाणूनबुजून रिकामं हत्यार नेलं. समोर माणूस अंगावर येतोय, तरी हिंसा नाय. आई, तुला कळतंय का, म्हंजे आजोबा अहिंसावादी होते!" खरकट्या हाताने तो अर्धा उठला, डाव्या हाताने खिशात पेन शोधत. "सरू, कागद दे. मास्तरांना आत्ताच्या आत्ता..."

"खाली बस," चंद्रावती म्हणाली आणि त्याच्या भातावर आमटी ओतली. "भात निवतोय."